समुद्रावरच्या संशोधनाला ‘युनोची मान्यता’ मिळते म्हणजे नक्की काय मिळतं?

गेल्या चतुर्थीला मामाकडे वास्कोला गेले होते. गणपतीवरची माटोळी बांधून झाली होती, सगळे चहाला बसलेले, आणि मामाने विचारलं, "अगं, तुमच्या त्या समुद्राच्या कामाला युनोची मान्यता मिळाली म्हणे, किती कोटी आले?" मी म्हटलं, एक रुपयापण नाही. "मग बोट तरी देणार असतील." बोटपण नाही. "बरं, निदान परवानग्यांची कटकट तरी गेली असेल." तीपण तशीच आहे. मामा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मग मिळालं काय?"

हा प्रश्न मला त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारला, आणि प्रश्न अगदी बरोबर आहे. पेपरात ‘प्रकल्पाला आंतरराष्ट्रीय मान्यता’ असा मथळा येतो, फोटो येतो, पण नक्की काय झालं ते कुणी सांगत नाही. वाचणाऱ्याला वाटतं बक्षीस मिळालं, कुणाला वाटतं निधी आला, कुणाला वाटतं आता आपल्या समुद्रात परदेशी लोक येणार. मी कॉलेजात शिकवते आणि अशा एका प्रकल्पाच्या कागदपत्रांत जवळजवळ दोन वर्षं काढलीत, त्यामुळे जे कळलंय ते साध्या भाषेत लिहिते.

आधी हे सांगा, एकट्याने का नाही करत?

कारण पाणी एकटं नाही. गोव्याचंच उदाहरण घ्या. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याजवळ खोलातलं थंड पाणी हळूहळू वर सरकतं. या पाण्यात समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींना लागणारं खत भरपूर असतं पण ऑक्सिजन कमी असतो. त्याच वेळी वरून पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी येतं, ते हलकं, ते वर थर धरून बसतं आणि हवेतला ऑक्सिजन खाली पोचू देत नाही. वर खतामुळे या वनस्पती खूप वाढतात, मरतात, खाली जाऊन कुजतात आणि कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही संपवतात. दारं-खिडक्या बंद केलेल्या खोलीत माणसं वाढत जावीत तसं होतं ते. पाऊस सरता सरता तळाजवळचं पाणी कित्येकदा जवळजवळ बिनऑक्सिजनचं झालेलं असतं.

दोनापावलाच्या एनआयओचे, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक १९९७ पासून कांदोळीसमोर हे पाणी मोजतायत. २००० साली डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात दाखवून दिलं की भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा पाण्यातून नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो. हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा साधारण २७० पट जास्त उष्णता धरून ठेवतो. म्हणजे कांदोळीसमोर जे होतं त्याचा संबंध सगळ्या जगाच्या हवेशी आहे.

आता हे कमी ऑक्सिजनचं पाणी फक्त आपल्याकडे नाही. अरबी समुद्राच्या पोटात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत असा एक प्रचंड थर आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्या अशा थरांपैकी एक. त्याच्या एका कडेला आपण आहोत, दुसऱ्या कडेला ओमान, आणि खालून पाणी येतं ते आफ्रिकेच्या बाजूने. आपण आपल्याच बाजूचं मोजत बसलो तर ते एकत्र कुटुंबातल्या एकाच भावाचा खर्च लिहून घराचा हिशोब मांडण्यासारखं आहे.

ही अक्कल जुनीच आहे. १९५९ ते १९६५ मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, वेगवेगळ्या देशांची जहाजं एकाच महासागराचं मोजमाप करत फिरली, भारताच्या बाजूने डॉ. एन. के. पणिक्कर यांनी ते काम सांभाळलं, आणि त्याच मोहिमेतून पुढे १ जानेवारी १९६६ ला एनआयओ उभी राहिली. दोनापावलाला जी संस्था आपण येता-जाता बघतो ती मुळात अशा अनेक देशांच्या एकत्र कामाचं फळ आहे, हे गोव्यातल्या मुलांना शाळेत सांगायला पाहिजे असं मला फार वाटतं. त्या मोहिमेला ५० वर्षं झाल्यावर दुसरी मोहीम सुरू झाली, तीसुद्धा गोव्यातूनच, ४ डिसेंबर २०१५ ला.

मान्यता म्हणजे काय, वास्कोच्या सप्ताहातून

मामाला मी त्याच्याच सप्ताहातून समजावलं, तेच इथे सांगते.

वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह तुम्हाला माहीत आहे. चोवीस तास अखंड भजन. ते एकटं पथक म्हणत नाही, पथकं पाळीपाळीने येतात. प्रत्येक पथकाची पेटी त्यांची, पखवाज त्यांचा, यायचा-जायचा खर्च त्यांचा, सरावही त्यांनी वर्षभर आपापल्या देवळात केलेला. देवस्थान त्यांना पगार देत नाही. मग यादीत नाव लागलं म्हणजे काय मिळालं? एक जागा मिळाली, एका मोठ्या अखंड गोष्टीत. आणि त्या जागेसोबत काही बंधनं आली: आपल्या वेळेला हजर राहायचं, आधीच्या पथकाकडून सूर तुटू न देता उचलायचा, पुढच्याच्या हातात तसाच द्यायचा.

आंतरराष्ट्रीय मान्यता अगदी हीच. इंग्रजीत तिला एंडोर्समेंट म्हणतात, मी इथे मान्यताच म्हणते. एक मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम असते, तिचं ठरलेलं ध्येय असतं, तुम्ही अर्ज करून सांगता की आमचं काम तुमच्या ध्येयात बसतं आणि तुमचे नियम आम्ही पाळू. ते तपासतात, बसत असेल तर यादीत घेतात. खर्च तुमचा, काम तुमचं, सूर मात्र सगळ्यांचा.

ही मान्यता देतं कोण

वेगवेगळे लोक देतात. सध्या समुद्राच्या बाबतीत जी जास्त ऐकू येते ती संयुक्त राष्ट्रांच्या महासागर दशकाची. डिसेंबर २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने जाहीर केलं की २०२१ ते २०३० ही दहा वर्षं शाश्वत विकासासाठी समुद्रविज्ञानाचं दशक असेल, आणि ते चालवायची जबाबदारी युनेस्कोच्या आंतरसरकारी समुद्रविज्ञान आयोगाकडे दिली. त्यांनी दहा मोठी आव्हानं ठरवली: प्रदूषण समजून घेणं, किनारे आणि तिथली माणसं वादळापुरापासून वाचवणं, समुद्रातून अन्न टिकाऊपणे मिळवणं, मोजमापाचं जाळं वाढवणं वगैरे.

या दशकात कामांचे चार प्रकार आहेत. सगळ्यात मोठा ‘कार्यक्रम’, म्हणजे अनेक देश, अनेक संस्था, अनेक वर्षं. त्याच्या पोटात ‘प्रकल्प’, जरा आटोपशीर. मग ‘उपक्रम’, म्हणजे एखादी कार्यशाळा, एखादं प्रशिक्षण. आणि चौथा ‘योगदान’, कुणी पैसे किंवा जहाजावरचा वेळ असं काही दिलं तर. कार्यक्रमांचा निर्णय सल्लागार मंडळाच्या शिफारशीवरून आयोगाच्या पातळीवर होतो, प्रकल्प मात्र सहसा आधी मान्य झालेल्या एखाद्या कार्यक्रमाला जोडून घ्यावा लागतो. ही गोष्ट नवीन लोक विसरतात. आम्ही पण विसरलो होतो. एकदम वरच्या दारावर थाप मारली, आणि उत्तर आलं की तुम्ही आधी कुठल्या कार्यक्रमात बसता ते ठरवा. सप्ताहात सुद्धा तुम्ही एकटे उठून गाभाऱ्यासमोर गायला बसत नाही ना, आधी पाळी लावून घेता.

दुसऱ्या हिंदी महासागर मोहिमेची वेगळी मान्यता आहे. समुद्रातले अगदी सूक्ष्म धातू मोजणाऱ्या जिओट्रेसेस नावाच्या आंतरराष्ट्रीय कामाची वेगळी. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा पण आत विचारलेलं बरंचसं सारखं.

फॉर्ममध्ये काय विचारतात, आणि आम्ही कुठे चुकलो

विज्ञानाचा भाग सगळ्यांना जमतो. काय मोजणार, कुठे, किती दिवस, कोण करणार, कुठलं आव्हान सोडवायला मदत होणार. पैसे आहेत का हे पण विचारतात, आणि तिथे खरं लिहायचं. थोडे आहेत, बाकीचे शोधतोय असं लिहिलं म्हणून कुणी नाकारत नाही, पण आहेत म्हणून लिहिलं आणि पुढे काम थांबलं तर दरवर्षी जो अहवाल द्यावा लागतो त्यात ते दिसतंच.

खरी गोची पुढच्या प्रश्नांवर होते. या कामाचा उपयोग ज्यांना होणार ती माणसं हे काम ठरवताना होती का? स्थानिक लोकांच्या पिढीजात ज्ञानाला कुठे जागा आहे? बायका, तरुण संशोधक, कमी साधनांचे देश, यांचा वाटा काय? डेटा कुठे ठेवणार आणि कुणाला दिसणार?

आमच्या पहिल्या अर्जात आम्ही या प्रश्नांना प्रत्येकी दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या. "प्रकल्पाच्या शेवटी मच्छीमारांसाठी जनजागृती कार्यशाळा घेण्यात येईल." बस. अर्ज परत आला, आणि शेऱ्यात नम्रपणे पण स्पष्ट विचारलं होतं की ज्यांच्या समुद्रात तुम्ही मोजणार त्यांना शेवटी बोलावून सांगणार आहात, सुरुवातीला विचारलं का? तो शेरा वाचून मला दोन दिवस बरं वाटलं नाही कारण तो शंभर टक्के खरा होता. आम्ही नमुने घेण्याचा आराखडा टेबलावर बसून केला होता, जून आणि जुलैसाठी मासेमारी बोटी भाड्याने घ्यायचं त्यात लिहिलं होतं, आणि १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही पोराने आम्हाला सांगितलं असतं. खवळलेल्या समुद्राचं तर सोडूनच द्या.

मग आम्ही परत सुरुवात केली. सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाल्यावर, जाळी वाळत घातलेली, तिथे वाळूत बसून बोललो. पहिल्या दिवशी कुणी फार बोललं नाही, तुम्ही येता, फोटो काढता, जाता, असं एकाने तोंडावर सांगितलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोलायला लागले. कुठल्या वाऱ्यात पाण्याचा रंग बदलतो, कुठल्या महिन्यात मासा अचानक कडेला येतो, कुठल्या पट्ट्यात जाळं टाकून उपयोग नसतो. हे सगळं त्यांच्या डोक्यात तिथीवर लिहिलेलं होतं, आमच्यासारखं तारखेवर नाही. आमची मोजायची ठिकाणं त्यातून बदलली, दोन ठिकाणं गाळली, तीन नवी घेतली, आणि डेटाशीटमध्ये एक शेवटचा कॉलम वाढवला: ‘मच्छीमारांनी काय पाहिलं’. दुसरा अर्ज त्या कॉलममुळेच वेगळा झाला असं माझं ठाम मत आहे.

डेटाची एवढी कटकट का? वाट्याचं गणित

गोव्यात मासळी बऱ्याच ठिकाणी वाट्यावर विकतात. पणजीच्या बाजारात शंभर रुपयांचा बांगड्यांचा वाटा आणि मडगावच्या बाजारात शंभर रुपयांचा वाटा, दोन्ही वाटेच, पण एकात पाच बांगडे आणि दुसऱ्यात सात लहान. कुठे स्वस्त पडलं ते कसं सांगणार? दोन्ही एकाच काट्यावर ठेवल्याशिवाय सांगता येत नाही.

विज्ञानात हाच त्रास असतो. ओमानच्या लोकांनी ऑक्सिजन मोजला, आम्ही मोजला, आकडे वेगळे आले. पाणी वेगळं होतं की मोजायची पद्धत वेगळी? म्हणून मान्यता देणारे विचारतात की तुमचा काटा कुठला. जिओट्रेसेसमध्ये तर नियमच आहे की जहाजाने अशा एखाद्या ठिकाणी थांबायचं जिथे दुसऱ्या देशाच्या जहाजाने आधी मोजलंय, तेच पाणी परत मोजायचं आणि दोघांचे आकडे जुळवून दाखवायचे, नाहीतर प्रयोगशाळांनी आपसात नमुने तपासून तसं सिद्ध करायचं. आकडे जुळल्याशिवाय तुमचा डेटा त्यांच्या सामाईक संग्रहात जात नाही, मग तुमचं नाव कितीही मोठं असो.

डेटाबद्दल चार अटी असतात: शोधला तर सापडला पाहिजे, मागितला तर कसा मिळेल ते स्पष्ट पाहिजे, दुसऱ्याच्या डेटाशी जुळला पाहिजे आणि पुढच्याला परत वापरता आला पाहिजे. माझ्या माहितीतले कितीतरी प्रबंध असे आहेत की त्यातला डेटा एका जुन्या कंप्युटरमध्ये होता आणि कंप्युटर भंगारात गेला. माणसाने तीन-तीन वर्षं उन्हापावसात होडीतून जाऊन मोजलेलं असं जातं याचं मला मनापासून दुःख होतं, आणि मान्यतेच्या सगळ्या अटींमधली ही एकच अट जरी कॉलेजांनी पाळली तरी खूप झालं.

पैसेच मिळत नाहीत तर एवढा खटाटोप कशाला?

सरळ उत्तर: पैसे मान्यतेतून येत नाहीत, पण मान्यतेमुळे पैसे मागणं सोपं होतं. निधी देणारी संस्था जेव्हा पन्नास अर्ज बघते तेव्हा ज्याचा आराखडा आधीच दुसऱ्या कुणी बारकाईने तपासलाय त्याच्यावर विश्वास ठेवायला तिला सोपं जातं. गावात कर्ज मागताना ओळखीचा जामीन असला की कसं होतं तसं. पण जामीन म्हणजे कर्ज नव्हे हे लक्षात ठेवायचं, कारण मान्यता मिळूनही निधी न मिळालेली कामं असतात.

दुसरा फायदा मला जास्त मोठा वाटतो. तुम्ही यादीत आलात की त्याच प्रश्नावर काम करणारे बाकीचे दिसतात. केनियातल्या कुणाकडे तेच उपकरण आहे आणि तुमच्याकडे बिघडलंय, तर विचारायला माणूस मिळतो. हिंदी महासागराच्या भागासाठी या दशकाचं सहकार्याचं केंद्र आपल्याच देशात, हैदराबादच्या इन्कॉइसमध्ये आहे, म्हणजे त्सुनामीचा इशारा देणारी जी संस्था आहे तीच. त्यामुळे गोव्यातल्या माणसाला पॅरिसला, युनेस्कोच्या मुख्यालयाला पत्र लिहून वाट बघायची गरज पडत नाही, शंका जवळच विचारता येतात.

मग परवानगी तर मिळत असेल ना?

नाही, आणि सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. मान्यता वेगळी, परवानगी वेगळी. सप्ताहात पथकाचं नाव लागलं म्हणून गाडी नो पार्किंगमध्ये लावता येत नाही.

समुद्राचा कायदा असा आहे की किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, हा देशाचा स्वतःचा समुद्र. पुढे २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे ३७० किलोमीटर, तिथल्या मासळीवर, तेलावर आणि संशोधनावर त्या देशाचा हक्क चालतो. भारताने यासाठी १९७६ साली कायदा केला आणि संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारालाही १९९५ मध्ये संमती दिली. त्या करारानुसार परदेशी जहाजाला आपल्या या पट्ट्यात संशोधन करायचं तर कमीत कमी सहा महिने आधी सगळी माहिती देऊन आपली संमती घ्यावी लागते, आणि आपल्याला हक्क मिळतो की आपले शास्त्रज्ञ त्या जहाजावर जातील आणि डेटा आपल्यालाही मिळेल. युनेस्कोची मान्यता दाखवून हे टळत नाही. आपलं जहाज ओमानच्या पट्ट्यात गेलं तर आपल्यालाही तेच.

जिवंत गोष्टींचा कायदा आणखी वेगळा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला किंवा संस्थेला इथले जीव संशोधनासाठी घ्यायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते. याच कायद्याच्या पाचव्या कलमात एक वेगळी वाट आहे: दोन देशांच्या संस्थांचा संयुक्त प्रकल्प केंद्र सरकारच्या मार्गदर्शक नियमांत बसत असेल आणि केंद्राने तो मंजूर केला असेल, तर त्या आपसातल्या देवाणघेवाणीसाठी अशा मंजुऱ्या वेगळ्या घ्याव्या लागत नाहीत. हाही एक ‘अधिकृत दर्जा’च, आणि खरं सांगायचं तर रोजच्या कामात युनेस्कोच्या दर्जापेक्षा हाच जास्त उपयोगी पडतो, पण त्याची बातमी कधी येत नाही. पाण्याची बाटली परदेशी पाठवायची आणि तिसऱ्या-खुब्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं मांस परदेशी पाठवायचं यात कागदाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे अर्ज लिहायच्या आधी कळायला हवं.

आणि एखादी सेवाभावी संस्था भागीदार असून तिला परदेशातून पैसे येणार असतील तर २०१० चा परदेशी देणग्यांचा कायदा लागतो, नोंदणी लागते, ठराविक बँक खातं लागतं. हे सगळं आधी सुरू करा, मान्यतेची वाट बघत बसू नका, दोन्ही रस्ते शेजारी शेजारी चालतात पण एकमेकांना मिळत नाहीत.

आपला डेटा बाहेर जातो, हे धोक्याचं नाही का?

ही शंका मला ग्रामसभेत एका आजोबांनी विचारली होती आणि मी ती हसण्यावारी नेणार नाही. काही डेटा खरंच नाजूक असतो. समुद्रतळाची बारीक खोली हा देशाच्या सुरक्षेशी जोडलेला विषय आहे, तो पाण्याच्या तापमानासारखा सरसकट उघडा करता येत नाही. तसंच एखाद्या गावाची मासळीची खास जागा नकाशावर टिंब देऊन जगाला दाखवली तर उद्या मोठा ट्रॉलर तिथे येईल, आणि ज्याने विश्वासाने सांगितलं त्याचंच नुकसान होईल.

म्हणून डेटाच्या आराखड्यात आधीच लिहायचं की काय उघडं राहील, काय किती दिवसांनी उघडेल आणि काय उघडणारच नाही आणि का. देशाच्या कायद्याने जे अडतं ते अडतं, मान्यता देणाऱ्यांनाही ते चालतं, फक्त लपवलेलं चालत नाही. आम्ही रापणकारांनी सांगितलेल्या जागा अक्षांश-रेखांशाने लिहिल्याच नाहीत, फक्त पट्टा लिहिला, आणि हे त्यांना विचारून केलं.

दुसरी बाजूही बघा. डेटा उघडा नसेल तर आपण बाहेरच्यांचाही मागू शकत नाही. कांदोळीसमोरचं पाणी समजायला ओमानकडचे आकडे आपल्याला हवेतच.

कंपन्या लोगो लावून मिरवतील त्याचं काय?

होऊ शकतं. दशकाचा लोगो वापरायचा हक्क मान्य झालेल्या कामाला मिळतो, संस्थेला किंवा कंपनीला सरसकट नाही. म्हणजे एखाद्या रिसॉर्टने कासवांच्या एका उपक्रमाला मदत केली म्हणून रिसॉर्ट ‘युनोमान्य’ होत नाही. असा बोर्ड दिसला तर सरळ विचारा, कुठल्या कामाला, कधी. मान्य झालेल्या कामांची यादी उघडी असते, कुणीही बघू शकतो, आणि काम थांबलं किंवा अहवाल आला नाही तर मान्यता काढूनही घेतली जाऊ शकते.

हे सगळं मोठ्या संस्थांचंच ना?

‘कार्यक्रम’ पातळीचं हो, त्याला माणसं आणि वर्षं लागतात. पण उपक्रम लहान असतो. एखाद्या कॉलेजने दोन-तीन देशांच्या मुलांसाठी किनाऱ्यावरचं प्लास्टिक एकाच पद्धतीने मोजायचं प्रशिक्षण ठेवलं तर त्याचाही अर्ज करता येतो. सुरुवात तिथून करावी असं मी सांगेन. मोठ्या प्रकल्पातही लहान भागीदार म्हणून शिरता येतं, आणि गोव्यातल्या कॉलेजाला एक फायदा असा आहे की समुद्र दारात आहे, मुलं दर आठवड्याला जाऊन मोजू शकतात. मोठं जहाज वर्षातून एकदा येतं आणि जातं. सलग, कंटाळवाणं, दर आठवड्याचं मोजमाप हे जहाजांना परवडत नाही, ते आपल्याला परवडतं.

आणि रापणकाराला काय मिळतं?

आम्ही वाळूत बसलो होतो तेव्हा एका वयस्कर रापणकार काकांनी विचारलेलं, "बाई, तुमचं मोजून झालं की आम्हाला कोण सांगणार?" ते वाक्य आम्ही जवळजवळ तसंच फॉर्ममध्ये उतरवलं. आता दर महिन्याच्या मोजणीचं एक पान मराठीत आणि कोंकणीत छापून होड्या ठेवतात त्या झापाच्या मांडवात लावतो. आकडे कमी, रंग जास्त: कुठल्या ठिकाणी तळाला ऑक्सिजन बरा, कुठे कमी (तिथे लाल ठिपका).

पहिले दोन महिने कुणी बघितलं की नाही कळलं नाही. तिसऱ्या महिन्यात मी पान बदलायला गेले तर काका उभे होते, पानावरच्या लाल ठिपक्यावर बोट ठेवून. म्हणाले, ही तुमची तारीख आहे ना, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी बांगडा अगदी कडेला आला होता, पोरांनी हातांनी धरला. मी विचारलं नक्की आदल्या दिवशीच? ते म्हणाले, त्या दिवशी एकादशी होती, आमच्या घरी मासे शिजत नाहीत, म्हणून बरोबर लक्षात आहे.

घरी येऊन कालनिर्णय काढलं. एकादशी त्याच दिवशी होती. शेवटच्या कॉलममध्ये तारीख लिहिली आणि तिच्यापुढे तिथीपण.